सेंटरच्या कागदावर ७५, घरी मोजले तर ४५. बाबांचा खरा स्कोअर कोणता धरायचा?

ताळेबंद_नौपाडा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे वडील ७४ वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता डावी बाजू गेली. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी. हॉस्पिटलात ११ दिवस, मग एका रिहॅब सेंटरमध्ये पाच आठवडे. दिवाळी तिथंच झाली, भाऊबीजेला घरी आणलं. त्याला आज अठरा दिवस झाले.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय: बार्थेल इंडेक्स (रोजची कामं माणूस स्वतः किती करतो त्याचे मार्क), दाखल होताना २५, जाताना ७५. शंभरपैकी. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

माझा धंदा हिशेबाचा. लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरतो, दोन आकडे जुळले नाहीत की मला झोप लागत नाही. घरी आल्यावर बाबांचं जे काही दिसत होतं ते ७५ वाटेना. म्हणून तो फॉर्म मिळवला, दहाच्या दहा बाबी वाचल्या आणि रविवारी दिवसभर वही घेऊन बाबांच्या मागे फिरलो. माझा आकडा आला ४५.

संडास, अंघोळ, चालणं आणि शौचावरचा ताबा या चार बाबींत आमचं एकमत आहे: ५, ०, १०, १०. बाकी सहांत प्रत्येकी पाचाचा फरक, एकूण तीस. जेवणाला सेंटरने १० दिलेत, मी ५, कारण आई पोळी मोडून आणि भात कालवून देते. पलंगावरून उठून खुर्चीत बसायला त्यांनी १५, मी १०, घरी दिवाणावरून उठताना हात द्यावा लागतो. दाढी-केस-दात त्यांनी ५, मी ०. दाढी मीच करून देतो, स्वतः केली की डाव्या गालावर साबण तसाच राहतो. कपड्यांना त्यांचे ५, माझे ०. जिन्याला त्यांचे ५, माझे ०. लघवीला त्यांचे १०, माझे ५, कारण रात्री दोनतीनदा वाटेतच झाली.

जेवणावरून आठवलं. कोशिंबीर आणि चटणीला बाबा हात लावत नाहीत आता. पूर्वी चटणीशिवाय घास उतरायचा नाही. आई म्हणते तिथल्या अळणी जेवणानं तोंडाची चवच गेली. हे असं होतं का कोणाला?

तर प्रश्न तीन. सेंटरने आकडा फुगवला का? दुसरं, माणूस पुरवणाऱ्या एका ब्युरोने फोनवर आधी स्कोअर विचारला. ७५ असेल तर साधी आया, ४५ असेल तर 'ट्रेन्ड' माणूस आणि दर दीडपट, शिवाय २४ तासांचाच घ्या असा आग्रह. कोणता आकडा सांगू? तिसरं, ४५ म्हणजे ५५ टक्के अपंगत्व असं धरून सर्टिफिकेटला अर्ज करता येतो का?

राम_मारुती_रोडवाला

फुगवतातच हो. आमच्या सासऱ्यांना चालता येतं म्हणून लिहिलं होतं, घरी आल्यावर दारापर्यंत जाईनात. आकड्यांच्या नादी लागू नका. महानारायण तेलानं रोज सकाळी उन्हात मालिश करा, सहा आठवड्यांत फरक दिसेल.

ताळेबंद_नौपाडा

तेल आहे घरात, आई लावतेच. प्रश्न आकड्याचा आहे.

वाशीची_ओटी

ताळेबंददादा, तुमच्यासारखे नातेवाईक वर्षाला एखादेच भेटतात. दिवसभर वही घेऊन मागे फिरलात, निम्मं काम तिथंच झालं.

आधी ओळख. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाशीत काम करते. ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, नाहीतर खणानारळाची. आमचं शिक्षण मुंबईत केईएमला १९५० मध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं, तरी अजून लग्नाच्या बाजारात 'म्हणजे नक्की काय' हे समजावून सांगावंच लागतं. असो. तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा जे लिहिते ते तुमच्या लिहिण्यावरून.

बार्थेल इंडेक्स १९६५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी प्रसिद्ध केला. त्याच्या सूचनांमध्ये पुढे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिली गेली: माणूस काय करतो ते लिहायचं, काय करू शकेल ते नाही. शेजारी उभं राहून लक्ष ठेवावं लागलं तरी तो स्वावलंबी धरायचा नाही. काठी किंवा वॉकर घेऊन एकटा करत असेल तर मात्र स्वावलंबी. या नियमाने तुमचे ४५ बरोबर आहेत. आणि सेंटरचे ७५ खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. तिथल्या पलंगावर, तिथल्या कठड्याला धरून, तिथल्या मॅडम समोर असताना बाबा ते करत होते. माणूस तोच, घर बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जी वर्गवारी आणली तिच्यात क्षमता आणि प्रत्यक्ष व्यवहार असे दोन वेगळे रकानेच आहेत, ते याचसाठी. मधला तीसचा फरक हीच तुमची कामाची यादी.

आता एकेक रकाना. तुमच्या भाषेत, नोंद कुठे अडली ते शोधू.

दिवाण. जमिनीपासून किती उंच आहे, गादी धरून? टेप लावून मोजा, आणि बाबा टेकल्यावर गादी किती दबते तेही बघा. सेंटरमधला पलंग बहुतेक वेळा गुडघ्याच्या वर असतो आणि गादी कडक. चौदापंधरा इंची दिवाणावरून कापसाच्या गादीतून उठायला तुम्हाला-मलाही हात टेकावा लागतो. खाली लाकडी ठोकळे द्या, गादी बदला. उजव्या हाताला धरायला काहीतरी भक्कम हवं.

जिना. चढताना कठडा कोणत्या बाजूला येतो? जुन्या इमारतीत एकाच बाजूला असतो. बाबांचा उजवा हात धड आहे. चढताना कठडा उजवीकडे असला तर उतरताना तो डावीकडे जाणार, म्हणजे उतरताना धरायला काहीच नाही. सेंटरच्या सरावाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंना कठडे असतात. काही जणांना आम्ही तोच कठडा धरून पाठमोरं उतरायला शिकवतो, पण ते थेरपिस्टने समोर शिकवल्याशिवाय करू नका. हे वाचून आजच करून बघू असं तर मुळीच नको.

कपडे. तिथं टीशर्ट आणि इलॅस्टिकची पॅन्ट असणार. घरी सदरा आणि नाडीचा लेंगा? एका हातानं नाडी बांधून बघा एकदा, मग मार्क द्या. घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी धड हात बाहेर. आणि एक अवघड प्रश्न: कपडे बाबा घालत नाहीत, की आई घालून देते म्हणून ते घालत नाहीत? मार्क दोन्हीला सारखाच पडतो, पण उपाय वेगळा. पोळी मोडून देण्याचंही तेच. उजवा हात चालतो, पोळी एका हातानं मोडते. आईंना सांगताना जपून सांगा.

चालण्याचे १० तुम्ही कशावरून दिलेत? मूळ नियमात किमान ५० यार्ड चालणं धरलेलं आहे, म्हणजे दीडशे फूट. घरात तेवढी सलग जागा असेल असं वाटत नाही.

रात्रीची लघवी. वेळेत पोचता आलं नाही तरी फॉर्मवर ५ च, ताबा असला तरी. सेंटरमध्ये पलंगाला भांडं अडकवलेलं होतं का?

आणि आता ज्याच्यामुळे मी रात्री साडेअकराला लिहायला बसले ते. दहा रकान्यांपेक्षा मला ती कोशिंबीर जास्त सलते आहे. आपल्याकडे ताट कसं वाढतात? डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. साबण कोणत्या गालावर राहतो? डाव्या. चव गेली असती तर आमटीचीही गेली असती. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये अनेकांना डावीकडचं जग लक्षातच येत नाही. डोळ्यांना दिसतं, पण मन तिकडे वळत नाही. आम्ही नेग्लेक्ट म्हणतो. मला कळवा: सेंटरमध्ये जेवण कशात द्यायचे? दाराच्या चौकटीला डावा खांदा घासतो का? आणि उद्या जेवण अर्धं झालं की काही न बोलता ताट फिरवा, डावी बाजू उजवीकडे येईल असं.

अपंगत्वाचं: नाही. बार्थेलचा आकडा आणि अपंगत्वाची टक्केवारी यांचा असा वजाबाकीचा संबंध नाही. २०१६ च्या कायद्यानुसार ते वेगळ्या निकषांवर सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. पण इतक्या लवकर त्याच्या मागे लागू नका, पहिल्या काही महिन्यांत बरंच बदलतं.

रात्रपाळी_कळवा

मी पेशंटकडे ड्युटी करतो, बारा वर्षं झाली. मॅडम बोलल्या ते बरोबर, पण एक त्यांनी पण नाही सांगितलं. मार्क देतात ते सकाळी दहाला. पेशंट नाश्ता करून, दाढी करून, ताजातवाना. मॅडम आल्या की चालतो, मी सांगितलं की चालत नाही. संध्याकाळी सहाला तोच माणूस पाय ओढतो. रात्री तीनला काय होतं ते कुठल्या कागदावर नसतं. पडतात ते तेव्हाच. गोळी घेऊन झोपलेले असतात, अर्धवट झोपेत उठतात, पाय लुळा आहे हेच विसरतात.

काका, तुम्ही रविवारी दिवसभर बघितलं. एकदा रात्रभर बघा.

आणि हात देऊन उठवतो लिहिलंय, तो कुठला हात? डावा धरून ओढत असाल तर आजपासून बंद. लुळ्या हाताचा खांदा सैल असतो, ओढला की निसटतो, मग महिनोन् महिने दुखतो आणि पेशंट व्यायाम करत नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा. काखेत हात घालून पण उचलायचं नाही.

ब्युरोवाले स्कोअर विचारतात तो दर ठरवायला. कामाला येणाऱ्या माणसाला तो आकडा सांगत पण नाहीत. मी आजवर एकदा पण ऐकला नाही.

नव्यानं_डावखुरा

नेरुळहून लिहितोय, डाव्या हाताच्या एका बोटानं, तेव्हा चुका पदरात घ्या. वय ५८. माझी उजवी बाजू गेली होती, दोन वर्षं झाली. माझा बार्थेल १०० आहे. शंभर! शाळेत कधी मिळाले नव्हते.

या शंभरात काय येत नाही ते सांगतो. मला जमिनीवर बसता येत नाही. बसलो तर उठता येत नाही. म्हणजे पूजा उभ्यानं, पंगत बंद. चेकवर सही जुळत नाही, बँकेत जाऊन नवीन सही दिली, तीसुद्धा दरवेळी वेगळी येते. ठाणे स्टेशनचा तो पूल आणि ती गर्दी... ट्रान्स-हार्बर लोकल मी स्ट्रोकनंतर पकडलेली नाही. नारळ फोडता येत नाही. पुतण्याच्या लग्नात डाव्या हातानं जेवायला बसलो तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या आत्याबाई जेवण होईपर्यंत माझ्या ताटाकडे बघत होत्या. सांगूनही त्यांना कळलं नाही. त्या दिवशी मी भात सोडला आणि चमच्यानं आइस्क्रीम खाल्लं.

यातल्या एकाही गोष्टीला बार्थेलमध्ये रकाना नाही. ते बनवणाऱ्यांनीच म्हटलेलं आहे की शंभर म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे. स्वयंपाक, घर चालवणं त्यात धरलेलंच नाही. त्यासाठी १९६९ चं लॉटनचं वेगळं मोजमाप आहे: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार वगैरे आठ गोष्टी. माझ्या थेरपिस्टने ते मला आठव्या महिन्यात दाखवलं. आधी दाखवलं असतं तर शंभर मिळाल्यावर मी इतका फुशारलो नसतो आणि नंतर इतका खचलोही नसतो.

घरी करण्यासारखी एक चाचणी मात्र मला आवडते, कारण तिच्यात मार्क नाहीत, घड्याळ आहे. हातांच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वयस्कर माणसाला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मला पहिल्यांदा ३४ लागले होते, आता १४ वर आहे. बायको मोबाइलवर वेळ लावते आणि दरवेळी बटण उशिरा दाबते. बाबांचं करायचं तर सोबत कुणी धरायला हवंच.

ताळेबंद_नौपाडा

ओटीताई, काय सांगू.

सेंटरमध्ये जेवण खोलगट बाउलमध्ये यायचं. खिचडी, दहीभात, दलिया. त्याला कसली डावी आणि कसली उजवी बाजू! काल दुपारी आईला न सांगता केलं. बाबांचं भाजी, आमटी, अर्धी पोळी झाली आणि मी ताट फिरवलं. बाबा आईकडे बघून म्हणाले, "काकडीची कोशिंबीर आहे होय? मग आधी का नाही वाढलीस?" आई नुसती बघत राहिली. अठरा दिवस रोज वाढते आहे ती.

चौकटीला खांदा घासतो. आम्हाला वाटलं तोल जातोय. डाव्या चपलेत पाय नीट गेलेला नसतो, हे आज दिसलं.

बाकीचं मोजलं. दिवाण १३ इंच, गादी बसल्यावर ११. तिथला पलंग किती होता विचारायला फोन केला तर २० म्हणाले. आमची इमारत १९७२ ची, लिफ्ट नाही, पुनर्विकासाची बोलणी माझं लग्न झाल्यापासून चालू आहेत. कठडा चढताना उजवीकडेच, तुम्ही न बघता सांगितलंत. सेंटरमध्ये भांडं अडकवलेलं होतं. घरी आईनं ते मोरीत ठेवलंय, कारण बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात आणि तिथं देव्हारा आहे.

आणि रात्रपाळी भाऊ, हो. डावाच हात धरून उठवत होतो.

वाशीची_ओटी

कोशिंबिरीचं मला वाटलंच होतं. पण घरच्या ताटावरून निदान होत नाही. न्यूरोलॉजिस्टकडे परत जाल तेव्हा हे असंच्या असं सांगा. नजरेचा डावा भाग गेलेला असू शकतो, ती तपासणी वेगळी. एक ढोबळ फरक: नुसती नजर गेली असेल तर माणूस हळूहळू मान वळवून भरून काढायला शिकतो, नेग्लेक्टमध्ये मुळात वळावंसंच वाटत नाही, कारण काही कमी आहे हेच जाणवत नाही. कधी दोन्ही एकत्र असतात. आमच्याकडे कागदावर विखुरलेल्या छोट्या छोट्या रेषा खोडायला देतात, किंवा लांब रेघेचा मध्य दाखवायला सांगतात. नेग्लेक्ट असेल तर मध्य उजवीकडे सरकतो. पाच मिनिटांचं काम आहे.

सेंटरवर राग धरू नका, आणि मीही कुणाची वकिली करत नाही. बार्थेलमध्ये याला जागाच नाही. जेवणाच्या रकान्यात बाबा उजव्या हातानं स्वतः जेवले, १० मिळाले. फिम नावाचं मोठं मोजमाप आहे, १८ बाबी, प्रत्येकी १ ते ७. त्यात समजणं, बोलणं, आठवण, प्रश्न सोडवणं अशा पाच बाबी आहेत. ते वापरलं असतं तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. कदाचित.

ताट रोज फिरवू नका. फिरवलेलं ताट ही चाचणी होती, उपचार नव्हे. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि 'लाल पट्टी दिसेपर्यंत शोधा' एवढंच सांगा. गप्पा मारताना डावीकडे बसा. पण पाणी, बेल, मोबाइल उजवीकडेच ठेवा. रात्री तहान लागल्यावर शिकवणी नको.

माणसाचं म्हणाल तर ४५ किंवा ७५ यातून किती तासांचा हे कळतच नाही. धोका कधी आहे ते बघा. दिवसा आई आहेत, तुम्ही जवळ आहात. तुमच्याकडे पडायची वेळ रात्रीची आहे. मला विचाराल तर दिवसाचा माणूस नको, काही दिवस रात्रीचा ठेवा, आणि पलंग व भांडं यांची सोय लागली की परत विचार करा. डाव्या बाजूचं भान नाही तोवर जिन्यावर आणि अंघोळीला एकटं सोडायचं नाही, आकडा कितीही येवो.

देव्हाऱ्याचा प्रश्न माझ्या शिक्षणाबाहेरचा आहे.

ताळेबंद_नौपाडा

तीन आठवड्यांनी लिहितोय. विचारलं होतं म्हणून हिशेब देतो.

देव्हारा आतल्या खोलीत गेला. आईनंच सुचवलं. दोन दिवस धुसफुस होती, मग म्हणाली देवाला काय, कुठंही बसवा. भांडं पलंगाला. दिवाणाखाली सागाचे ठोकळे आणि कडक गादी, आता बसल्यावर १९ इंच भरतं. रात्रीचा माणूस पंधरा दिवस ठेवला, दुसऱ्या ब्युरोकडून, रात्री नऊ ते सकाळी सहा. त्यानं पहिल्याच रात्री सांगितलं की बाबा दोन ते तीनच्या मध्ये एकदाच उठतात. ती वेळ कळल्यावर सोपं झालं. आता दोनचा गजर लावून मी उठतो.

आमच्या मजल्यावर कॉमन गॅलरी आहे, ३८ फूट. चार फेऱ्या म्हणजे १५२, तुमचे ५० यार्ड वर दोन फूट. कुबडीनं आणि मी बाजूला, म्हणून १० च. आधीचे १० मी अंदाजे टाकले होते, कबूल.

न्यूरोलॉजिस्टने रेषा खोडायला दिल्या. डावीकडच्या एक तृतीयांश भागाला बाबांनी हातही लावला नाही आणि कागद परत देत म्हणाले, झालं. आईनं तोंड दुसरीकडे फिरवलं. डोळ्यांची तपासणीही झाली, नजर शाबूत आहे.

जेवण आता १०. लाल पट्टी काम करते, मात्र आई बाजूला असली की बाबा तिच्याकडे बघून थांबतात, म्हणून ती वाढते आणि स्वयंपाकघरात जाते. तिथून डोकावते. पलंग-खुर्ची १५. लघवी १०, गेले दहा दिवस एकही नोंद नाही. एकूण ६०. दाढी अजून ०, डावा गाल. जिना ०. कपडेही ०, आणि तो रकाना माझ्याच्यानं हलत नाही. इलॅस्टिकच्या चार पॅन्टी आणल्या. आईचं म्हणणं, पंचेचाळीस वर्षं ह्यांनी मी काढून ठेवलेले कपडे घातलेत, आता कशाला? काढून ठेवणं आणि घालून देणं यातला फरक मी दोनदा समजावला. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

जिन्याला भिंतीच्या बाजूनं दुसरा कठडा बसवायला सोसायटीनं परवानगी दिली. खर्च आमचा, आणि पुनर्विकासात नुकसानभरपाई मागायची नाही असं लिहून घेतलं. काल फॅब्रिकेटर माप घ्यायला आला. बाबांना खुर्ची टाकून जिन्याच्या तोंडाशी बसवलं. टर्नर माणूस, लगेच सुरू झाले. पाइप दीड इंची घे, मुठीत बसला पाहिजे, भिंतीपासून बोटं जातील एवढी फट ठेव, वेल्डिंगचे खडे ग्राइंड करून गुळगुळीत कर नाहीतर हात सोलवटेल. त्या पोरानं सगळं लिहून घेतलं. मला वाटलं आमचे जुने बाबा आले.

मग त्यानं भिंतीवर ब्रॅकेटसाठी खडूनं खुणा केल्या, डावीकडून उजवीकडे पाच. बाबांनी बोटानं मोजल्या आणि त्याच्यावर डाफरले, "एवढ्या लांबीला तीन ब्रॅकेट? माणूस लोंबकळणार आहे त्याला."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. ताई, हे मी कुठल्या रकान्यात मांडू?

वाशीची_ओटी

कुठल्याच नाही. तारीख टाकून वहीत असंच लिहून ठेवा, पाचपैकी तीन. कठडा लागला की खुणांच्या जागी प्रत्येक ब्रॅकेटवर लाल पट्टी गुंडाळा आणि उतरताना मोठ्यानं मोजायला लावा, तुम्ही एक पायरी खाली उभे राहून. पुढच्या तपासणीला जाताना फाइल राहिली तरी चालेल, वही न्या.